साखर कारखान्यातला माणूस इजेनच्या विवरात

सल्फर हाऊसवर, म्हणजे कारखान्यात गंधक जाळतात तिथे, ड्युटी केलेल्या माणसाने स्वतःचे पैसे घालून, विमानात बसून, जावाच्या ज्वालामुखीत परत गंधकाचाच धूर खायला जायचं म्हणजे डोकं ठिकाणावर नाही असं आमच्या शिफ्टमधल्या सगळ्यांनी एकमताने ठरवून टाकलं होतं. मी चिकोडीकडच्या एका साखर कारखान्यात आहे, आता बॉयलिंग हाऊसला, म्हणजे रस आटवून साखर करतात तिथे, पण आधी बरेच सीझन सल्फर बर्नरवर काढलेत. ज्यांना माहीत नाही त्यांच्यासाठी सांगतो, उसाचा रस मुळात पांढराबिंढरा काही नसतो, काळपट हिरवा गढूळ असतो, तो तापवून त्यात चुन्याचं दूध आणि गंधक जाळून केलेला गॅस सोडतात तेव्हा गाळ खाली बसतो आणि रंग उतरतो, पुढे सिरपला परत एकदा गॅस देतात, मग तुमच्या चहात पांढरी साखर पडते. एक टन उसाला अर्धा किलोच्या आसपास गंधक जातो. आणि हा गंधक जळतो तो निळा जळतो, बर्नरच्या बारीक खिडकीतून आत बघितलं की नुसता निळा भपका दिसतो.

त्यामुळे मोबाईलवर कुणीतरी ‘निळा लाव्हा, जावा बेट’ म्हणून व्हिडिओ पाठवला तेव्हा मी लगेच म्हटलं, अरे हा लाव्हा कुठला, गंधक पेटलाय की. डोंगराच्या भेगांतून गंधकाची वाफ भयंकर तापून बाहेर येते, सहाशे डिग्रीपर्यंत जाते म्हणतात, हवा लागली की पेट घेते, एवढीच भानगड. पण आमच्याकडे लोखंडाच्या आणि विटांच्या आत कोंडलेलं असतं ते तिथे उघड्यावर आहे, हे डोक्यातून जाईना.

हा डोंगर म्हणजे कावाह इजेन. जावाच्या अगदी पूर्व टोकाला, बान्युवांगी आणि बोंडोवोसो या दोन जिल्ह्यांच्या हद्दीवर, उंची २७६९ मीटर, २०२३ पासून युनेस्कोच्या ग्लोबल जिओपार्कच्या यादीत. जिवंत आहे बरं का. आमच्या काळ्या रानाखाली जो दगड लागतो तो पण लाव्हाच, पण तो साडेसहा कोटी वर्षांपूर्वी थंड होऊन बसलेला, त्याच्यावर आपण निवांत ऊस लावतो. हा तसला नाही.

सोबतीला मेहुणा आला. निपाणीचा, तंबाखूच्या व्यापारातला, दिवसाला किती ओढतो ते माझ्या बायकोला माहीत नाही म्हणून इथे लिहीत नाही. जायचं ऑफ सीझनमध्येच, कारण गळीत सुरू झालं की कारखान्यातून हलता येत नाही, आणि नशिबाने आपला पावसाळा म्हणजे जावाचा कोरडा मोसम, त्यामुळे जुलै जमून गेला. तयारी म्हणून पहाटे उठून बेळगावजवळचा राजहंसगड चढायचो, येळ्ळूरच्या वाटेवर चिखल, वर धुकं, मेहुणा निम्म्यात बसून म्हणायचा दाजी ज्वालामुखी परवडला पण हा पाऊस नको. रात्रीची राणी चन्नम्मा एक्सप्रेस धरून बेंगळुरू, तिथून थेट बालीचं विमान. उतरल्यावर व्हिसाचे पाच लाख भरा म्हटल्यावर मेहुण्याने माझ्या तोंडाकडे बघितलं, पाच लाख रुपिया म्हणजे आपले अडीच-पावणेतीन हजार हे त्याला पटेपर्यंत मागची लाईन खोळंबली. बालीच्या पश्चिम टोकाला गिलिमानुक नावाचं बंदर आहे, तिथून फेरी बोटीने तासाभरात सामुद्रधुनी ओलांडून केतापांगला उतरलं की जावा. आणि गंमत म्हणजे बोटीतून उतरल्यावर घड्याळ एक तास मागं जातं, बाली आणि जावाची वेळ वेगळी आहे, जीपवाल्याने किती वाजता म्हणून सांगितलंय ते कुठल्या वेळेचं हे आधी विचारून घ्या.

जावात वाटेवर ऊस दिसला आणि मी गाडी थांबवायला लावली. मेहुणा वैतागला, म्हणाला ऊस बघायला एवढ्या लांब आलो काय. पण त्याला काय माहीत. आमच्याकडच्या म्हाताऱ्या शेतकऱ्यांना विचारा, ‘चारशे एकोणीस’ म्हटलं की डोळे चमकतात, को ४१९ हे उसाचं वाण, तसा ऊस परत झाला नाही म्हणतात. त्या ४१९ चं एक पालक वाण म्हणजे पी.ओ.जे. २८७८, आणि ते काढलं डचांनी याच जावात, १९२१ साली, पासुरुआनच्या संशोधन केंद्रात. म्हणजे आमच्या आजोबांच्या रानातल्या उसाचं आजोळ हे. आता सगळीकडे ८६०३२ आहे, ४१९ चं नाव पण पोरांना माहीत नाही, ते जाऊ दे.

बान्युवांगीत पहिलं काम दवाखाना. वर जायला आता तब्येतीचं सर्टिफिकेट लागतं, बीपी, नाडी, बोटाला चिमटा लावून ऑक्सिजन, दमा आहे का, हार्टचं काही आहे का. डॉक्टर बाईंना इंग्रजी बेताचंच, आमचं पण बेताचंच, त्यामुळे व्यवस्थित जमलं. मेहुण्याचं बीपी पहिल्यांदा वर आलं, तर त्याला बाहेर बाकड्यावर बसवून ठेवलं, परत घेतलं, मग शिक्का मिळाला. काही लोक हे नुसतं पैसे काढायचं काम आहे म्हणून कुरकुर करतात, मला तसं वाटत नाही. सल्फरचा गॅस ज्याने एकदा नीट खाल्लाय त्याला विचारा. छातीत मूठ आवळल्यागत होतं, खोकला थांबत नाही, डोळ्यांच्या पाण्यात तो गॅस विरघळतो आणि त्याचं ॲसिड होतं, म्हणून डोळे पुसले तर आणखी झोंबतात. दम्याच्या माणसाचं तिथे काम नाही.

रात्री बाराला जीप निघाली. पाल्टुडिंग म्हणून पायथ्याचा तळ आहे, साधारण १८५० मीटरवर, तिथे उतरलो तर थंडी अशी की बोलताना तोंडातून वाफ. विषुववृत्ताजवळ कसली थंडी म्हणून मेहुण्याने स्वेटर हॉटेलवर ठेवलेलं, मग तिथे टपरीवर भाड्याने जाकीट घेतलं. गेटवर ही गर्दी, सगळ्यांच्या कपाळावर बॅटऱ्या, आणि दोनच्या सुमारास गेट उघडलं की सगळे एकदम सुटले. ही घाई अशासाठी की निळी आग फक्त अंधारात दिसते, पाचच्या आत-बाहेर उजाडायला लागलं की दिसायची बंद, आग असतेच, पण डोळ्याला दिसत नाही.

विवराच्या काठापर्यंत तीन किलोमीटर, चढ पाचशे मीटर. वाचायला सोपं वाटतं. वाट रुंद आहे, धुळीची, खडी भुसभुशीत, पहिले दोन किलोमीटर छातीवर चढ, शेवटचा एक जरा सपाट. दोन्ही बाजूंनी ‘टॅक्सी, टॅक्सी’ म्हणून लोक मागे लागतात, ही टॅक्सी म्हणजे दोन चाकांचा गाडा, त्यावर गादी, पुढे दोघं दोरी लावून ओढणार, मागून एक ढकलणार. त्याला ते लॅम्बोर्गिनी म्हणतात. ओढणारे बरेच जण आधी गंधक वाहणारेच, हे काम त्यापेक्षा बरं म्हणून इकडे आलेले. मेहुण्याला दहा मिनिटांत दम लागला, गाड्याकडे बघायला लागला, मी म्हटलं बस की बाबा, पैसे मी देतो, तर म्हणाला नको, गावात कळलं तर लाज जाईल, आणि चालला. त्याचं मला खरंच कौतुक वाटलं. वाटेत डचांच्या काळातली एक गोल इमारत लागते, तिथे गंधक तोलायचा काटा, आमच्या केनयार्डच्या, म्हणजे उसाच्या गाड्या तोलायच्या काट्यासारखी तिथे पण वादावादी होत असणार याची मला खात्री आहे.

काठावर पोचलो तेव्हाच वास आला. दोन वास असतात, एक सडक्या अंड्याचा, तो डोंगराचा स्वतःचा, आणि दुसरा तिखट, नाकात टोचणारा, तो जळलेल्या गंधकाचा. पहिल्याने लोक नाक मुरडतात, दुसऱ्याने पळतात. मला दुसरा वास आला आणि एकदम आमच्या कारखान्याचं गेट आठवलं, आता याला काय म्हणायचं.

इथून खाली विवरात उतरायचं. ही वाट म्हणजे वाट नाहीच, मोठमोठे दगड, कुठे पायऱ्या केल्यागत, कुठे नाही, एका अंगाला कडा. गाईडने गॅस मास्क दिले, मी बेळगावहून माझा स्वतःचा आणलेला, ॲसिड गॅसचं कार्ट्रिज असलेला, कारण भाड्याच्या मास्कचा फिल्टर कधी बदललाय हे कोण सांगणार. उतरताना खालून गंधक घेऊन येणारी माणसं भेटतात. ते दिसायच्या आधी ऐकू येतात, खांद्यावरच्या बांबूला दोन्ही टोकांना टोपल्या, पावलागणिक बांबू करकरतो, करकर जवळ आली की गाईड ओरडतो, डोंगराच्या अंगाला व्हा, आणि आपण दगडाला चिकटून उभं राहायचं. एकजण माझ्या अगदी नाकासमोरून गेला. पायात गमबूट, डोक्याला बॅटरी, तोंडाला मास्क नाही, नुसता ओला टॉवेल दातात धरलेला. आम्ही पण बर्नर साफ करताना तोंडाला ओलं फडकंच बांधायचो, सेफ्टीवाल्यांनी मास्क दिले तरी. त्याच्या उजव्या खांद्यावर बांबूच्या जागी मांसाची गाठ झालेली, लिंबाएवढी. टोपलीत पिवळेधमक ढेपे, आमच्या गोडाऊनला गंधक येतो तो दाणेदार किंवा भुकटी, असा डोंगरातून फोडलेला मी पहिल्यांदाच बघितला.

एका फेरीत सत्तर ते नव्वद किलो. आमच्याकडे साखरेचं पोतं आधी शंभर किलोचं होतं, ते पन्नासचं केलं, का केलं ते हमालांच्या पाठींना विचारा, आणि ते पण गोडाऊनच्या फरशीवर, चार पावलं. हे लोक विवराच्या तळातून काठापर्यंत उभ्या चढाने.

तळाला पोचलो. धूर एवढा की आधी काहीच दिसेना, मग वारा फिरला आणि समोरचा उतार निळा झाला. व्हिडिओत दिसतं तसं भडक नाही, गडद जांभळट निळं, जमिनीला लागून सरपटतं, मधूनच पुरुषभर उंच उठतं, आणि कुठे कुठे पेटलेलाच गंधक पातळ होऊन खाली ओघळतो, तेवढी निळी रेघ खाली सरकताना दिसते. तीच रेघ बघून लोक निळा लाव्हा म्हणतात. मी खिडकीतून जे बघायचो ते डोंगरभर पसरलं होतं. मेहुणा मोबाईल काढून रील करत होता, मास्कमधून ओरडून काहीतरी बोलत होता, नंतर बघितलं तर रीलमध्ये नुसता घूं घूं आवाज.

पण खरं सांगू, आगीपेक्षा मला बाजूचे पाईप बघण्यात जास्त रस होता. भेगांवर जाड पाईप बसवलेत, वाफ त्यातून वळवून खाली आणतात, खाली येईपर्यंत ती थंड होते आणि पाईपच्या तोंडातून पातळ गंधक गळतो. गळताना तो रक्तासारखा लालभडक, काकवीसारखा दाट, जमिनीवर पडला की शेंदरी, आणि बघता बघता पिवळा, वर बारीक तडे जातात आणि टिकटिक आवाज येतो. आता यातली गंमत आमच्या धंद्यातल्या माणसालाच कळणार. गंधक एकशेवीस डिग्रीच्या आसपास वितळतो तेव्हा तेलासारखा पातळ असतो, पण एकशेसाठच्या वर नेला की उलट घट्ट होतो आणि लाल पडतो. आणि बर्नरवर आमची सगळी धडपड कशासाठी, तर गंधक पूर्ण जळावा, न जळता नुसती वाफ होऊन पुढे जाऊ नये, कारण ती वाफ पाईपात थंड होऊन बसते, पाईप चोक होतात, मग सळ्या घालून फोडत बसा, शिफ्ट इनचार्जच्या शिव्या वेगळ्या. इथे ही माणसं तेच मुद्दाम करतात, पाईपात वाफ बसवतात आणि सळ्या घालून फोडतात, तोच त्यांचा माल. आणि निळी आग, जिच्यासाठी जगभरातून माणसं रात्री दोनला डोंगर चढतात, ती त्यांच्या हिशोबाने नुकसान आहे, जळला तेवढा गंधक वजनातून गेला. गाईड म्हणाला पाईपजवळ पेटलं तर ते पाणी मारून विझवतात. मी मनात म्हटलं, बरोबर आहे.

मग वारा फिरला. गॅस हवेपेक्षा जड, खाली बसतो, आणि आपण विवराच्या तळाला. दोन मिनिटं काहीच दिसेना, गाईडने दोघांचे हात धरून दगडाआड खाली बसवलं, डोळे मिटा म्हणाला. माझा मास्क चालला. मेहुण्याचा भाड्याचा होता, त्याला ठसका लागला तो वर येईपर्यंत गेला नाही, आणि त्या दिवशी त्याने सिगारेट ओढली नाही एवढं मी माझ्या डोळ्यांनी बघितलंय.

उजाडलं तसं तळं दिसायला लागलं. आधी राखाडी, मग हिरवट निळं, मोरपिशी, जवळजवळ किलोमीटरभर रुंद आणि दोनशे मीटर खोल, त्यावर वाफ. एवढं देखणं पाणी आणि आहे मात्र ॲसिड, पीएच अर्ध्याच्या आसपास किंवा त्याच्याही खाली, जगातलं सगळ्यात मोठं जहाल ॲसिडचं तळं हेच. काठाला हात लावायचा नाही हे सांगायला लागतं यावर माझा विश्वास बसत नव्हता, पण एकजण चाललाच होता बाटली घेऊन, गाईडने हाक मारून परत आणला. १८१७ च्या उद्रेकात हे पाणी गाळासकट डोंगरावरून खालच्या वस्त्यांवर आलं होतं. आता चार पातळ्यांचा इशारा असतो, पातळी वाढली की विवरात उतरणं बंद, कधी सगळा डोंगरच बंद, तेव्हा तिथे हुज्जत घालून उपयोग नाही. वरच्या काठावर पण जपून, २०२४ च्या एप्रिलमध्ये एक चिनी बाई फोटोसाठी मागे सरकता सरकता कड्यावरून पडून गेली. आम्ही गेलो त्या दिवशीसुद्धा त्या कड्याकडेला एक वाळकं झाड आहे तिथे फोटोसाठी लाईन लागलेली.

वर येताना एक वयस्कर गडी टोपल्या टेकवून बसलेला. मेहुण्याने खुणेने विचारलं उचलू का, त्याने हसून जागा दिली. बांबू खांद्यावर घेतला, उठायला गेला, टोपल्या जमिनीपासून चार बोटं सुटल्या असतील नसतील, परत बसला. तंबाखूची बोचकी उचलणारा माणूस तो, लहानपणापासून.

मग मी बॅगेतला कुंदा काढला, आमच्याकडची खव्याची मिठाई, बेळगावहून खास आणलेली, गाईडला दिला, त्या गड्याला दिला. त्याने खाल्ला, मान हलवली, आणखी मागितला. गाईडने विचारलं तुम्ही काय काम करता, मी म्हटलं साखर कारखान्यात, गंधक जाळायचं काम करायचो. हे त्याने त्यांच्या भाषेत त्या गड्याला सांगितलं आणि त्याचा चेहराच बदलला, कारण इथला गंधक पण बराचसा साखर पांढरी करायलाच जातो. माझ्याकडे बोट करून काहीतरी विचारलं. गाईड म्हणाला, ते विचारतायत तुमचा कारखाना दिवसाला किती खातो.

मी हिशोब केला. पाच हजार टन गाळप धरलं तर अडीच टन गंधक. ऐंशी किलोची एक फेरी धरली तर तीसेक फेऱ्या. हे सांगितल्यावर तो बोटांवर मोजायला लागला, मग मोजणं सोडून दिलं आणि हसला. दर विचारला तर गाईड म्हणाला किलोला हजार-सव्वाहजार रुपिया, म्हणजे आपले पाच ते सात रुपये. आमच्याकडे कोण वाहून आणतं असं त्याने विचारलं, मी सांगितलं कुणी नाही, पेट्रोल-डिझेलच्या रिफायनरीत तेलातला गंधक काढतात, तो ट्रकने येतो. यावर त्याने गाईडकडे बघितलं, गाईडने परत समजावलं, तरी त्याला ते फारसं पटलेलं दिसलं नाही. म्हणाला, तेलात गंधक कुठून येणार. मग उठला, टॉवेल दातात धरला, बांबू घेतला.

खाली पाल्टुडिंगला टपरीवर नूडल्स आणि काळी कॉफी, इजेनच्या पठारावर डचांपासून कॉफीचे मळे आहेत, कॉफी चांगली मिळते. जीपमध्ये बसल्यावर ड्रायव्हरने न विचारता चारही काचा खाली केल्या. कपडे दोनदा धुतले तरी वास गेला नाही, घरी बायको म्हणाली सीझन सुरू झाला काय एवढ्यात.

कुणाला जायचं असेल तर मास्कचं कार्ट्रिज इथूनच घेऊन जा, आपल्याकडे इंडस्ट्रियल सेफ्टीच्या दुकानात मिळतं, ॲसिड गॅसचं म्हणून मागा, धुळीचं नको. डोळ्यांना घट्ट बसणारा चष्मा घ्या, लेन्स लावत असाल तर काढून ठेवा. महिन्यातला एक ठरलेला दिवस डोंगर बंद असतो तो आधी बघून तारीख धरा. आणि खाली उतरताना करकर ऐकू आली की डोंगराच्या अंगाला व्हायचं, कड्याच्या अंगाला नाही, आणि ओझ्यासकट माणसाला फोटोसाठी थांबवायचं नाही, फोटो पाहिजे तर तो बसलेला असेल तेव्हा विचारा.